चहाडखोराला चक्कर

शारजात राहणाऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते. खिडकीची कड सकाळी कितीही पुसा, संध्याकाळी बोट फिरवलं की वाळू असतेच. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी ते जमवायला जात नाही. घरी बायकोला दोन सांगून मोकळा होतो, तोवर ऑफिसात नवे साठलेले असतात. ती विचारते, "तुम्ही तिथे काम पण करता का हो?" करतो की! काम करतो म्हणूनच तर हे सगळं होतं.

काम म्हणजे दुसऱ्यांची नेटवर्कं सांभाळायची. शाळा, गोदामं, अल ऐनमधलं एक मोठं हॉस्पिटल. कुणाचं इंटरनेट रांगायला लागलं, कुणाचा प्रिंटर रुसला, की फोन आमच्याकडे. हातेम साहेब आमचे मॅनेजर, इजिप्तचे. शाजी केरळचा, हुशार, आणि हिंदी असं बोलतो की समोरचा घाबरून काम करून टाकतो. दळवी देवगडचा, केबल ओढणे आणि देवाधर्माचं बघणे ही दोन्ही खाती त्याच्याकडे. मी सांगलीचा. आणि सगळ्यात शेवटी आलेली विल्मा, वसईची. हा सगळा मामला तिचाच आहे, पण आधी चहाडखोराची ओळख करून द्यायला हवी.

*

चहाडखोर म्हणजे माणूस नव्हे, सॉफ्टवेअर. नेटवर्कवरून कोण काय मागवतंय, कोण कुणाला काय पाठवतंय, हे ते ओळीओळीनं पडद्यावर दाखवतं. त्याला त्याच्या कंपनीनं दिलेलं लांबलचक, प्रतिष्ठित नाव आहे. ते आम्ही फक्त बिलावर वाचतो.

उम्म अल कुवैनच्या एका गोदामातून तक्रार आली होती. तिथल्या मॅनेजरचं म्हणणं, इंटरनेट मरतंय कारण कामगार दिवसभर मोबाईलवर पिक्चर बघतात, त्यांना पकडा. कामगारांत दळवीच्या गावाकडचे दोघेतिघे होते, त्यामुळे दळवी वाटभर गाडीत गप्प. आम्ही लॅपटॉप जोडला, सॉफ्टवेअर चालू केलं. कामगारांचा वापर नखाएवढा. सगळा लोंढा चालला होता मॅनेजरच्याच केबिनकडे. साहेब सकाळपासून बिर्याणी करायचे व्हिडिओ बघत होते, एकामागून एक, आणि तेही सगळ्यात भारी क्वालिटीत!

मॅनेजर आमच्या मागेच उभा होता. पडद्यावर ते सगळं ओळीओळीनं उमटत होतं. दळवीनं तेवढ्यात समाधानानं मान हलवली. "हो तर चहाडखोर आसा," तो म्हणाला. तेव्हापासून तेच नाव.

हातेम साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, "प्रशासकीय विभागात इंटरनेटची भूक जास्त आहे."

*

खंडेनवमीला दळवी ऑफिसात हळदकुंकू घेऊन येतो. पक्कड, केबलला टोक बसवायचं क्रिम्पिंगचं हत्यार, शिडी, सगळ्यांना बोटं लागतात. पहिल्या वर्षी त्यानं चहाडखोराच्या लॅपटॉपलाही लावलं. वर फूलसुद्धा ठेवलं.

हातेम साहेब आत आले आणि थबकले. लॅपटॉपवर लाल डाग बघून त्यांनी विचारलं, कुणाला लागलंय का? आता हत्यारांची पूजा इंग्रजीत कशी सांगायची, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात शाजीनं सूत्रं हातात घेतली. केरळातही हा दिवस असतो, त्यामुळे त्याला अधिकार होता. तो म्हणाला, "सर, टुडे टूल्स बर्थडे."

साहेबांनी लॅपटॉपला हॅपी बर्थडे म्हटलं आणि केबिनमध्ये गेले. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी आपणहून दळवीला गाठलं. आदल्याच आठवड्यात त्यांची गाडी कुणीतरी मागून ठोकली होती. त्यांनी किल्ली पुढे केली आणि म्हणाले, "यल्ला, हिला पण लाव."

*

विल्माच्या इंटरव्ह्यूला मी होतो. साहेबांचा ठरलेला प्रश्न असतो, प्रेशर आलं तर तुम्ही काय करता? त्यावर लोक टीमवर्क, प्लॅनिंग वगैरे पाठ केलेलं बोलतात. विल्मा जरा विचार करून म्हणाली की घरी कुकर लावला की पहिल्या शिट्टीला मी जागची हलत नाही. पहिल्या शिट्टीला गॅस बंद करणाऱ्याची डाळ कच्ची राहते.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या घरी कुकर नसावा. मी म्हटलं, सर, उत्तर बरोबर आहे.

तिचा नवरा जहाजावर, म्हणजे घरात कमी आणि समुद्रात जास्त. मुलगी रिया विल्माच्या वडिलांपाशी, वसईला. वडील मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. आमच्या कंपनीचा नियम असा की प्रोबेशन संपून माणूस कन्फर्म झाल्याशिवाय कुटुंबाच्या व्हिसाचं काम हलत नाही. विल्मानं पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं की दादा, इथे पहिलीचे प्रवेश कधी सुरू होतात. बाकी पगार, सुट्ट्या, काही विचारलं नाही.

*

आणि मग चहाडखोराला चक्कर यायला लागली.

पहिल्यांदा ऑफिसातच झालं. विल्मानं तो चालू केला, ओळी धावायला लागल्या, आणि पडदा गोठला. सॉफ्टवेअर बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मी बसलो, तेव्हाही पडलं, पण तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती चहा घ्यायला खाली गेली आणि ते मुकाट चालायला लागलं.

असं होत राहिलं. एका शाळेत झालं, गोदामात झालं. ती असली की चक्कर, ती नसली की ठणठणीत! शाजीनं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं, लॅपटॉप बदलला, केबल बदलली. बदलायचं राहिलं होतं ते फक्त माणूस, आणि ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

दळवी बोलला. "नजर आसा," तो म्हणाला. मी म्हटलं, अरे, हा दिवसभर सगळ्या जगाकडे टक लावून बघतो, नजर याचीच लागायला हवी दुसऱ्याला. दळवीला ते पटलं नाही.

विल्मा हसली खरी. पण त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

*

अल ऐनच्या हॉस्पिटलचं नेटवर्क तपासायचं आमचं वर्षाचं मोठं काम. तिथल्या आयटीच्या प्रमुख मरियम मॅडम. आवाज मऊ, पण एकदा विचारलेला प्रश्न विसरत नाहीत. त्यांच्यासमोर विल्मानं चहाडखोर चालू केला आणि त्यानं व्हायचं तेच केलं. मॅडमनी विचारलं की हॉस्पिटलच्या नेटवर्कवर नजर ठेवणारी वस्तू अशी पडत असेल तर पडल्या वेळात नजर कोण ठेवतं?

पुढच्या खेपेला दळवी केबल टाकायला एकटाच गेला आणि येताना सर्व्हर रूममध्ये रॅकच्या मागे लिंबू आणि मिरच्या बांधून आला. आम्हाला काही बोलला नाही. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर राउंडला आल्या, त्यांना ते दिसलं. हॉस्पिटलमधून साहेबांना फोन आला. सर्व्हर रूममध्ये जेवण आणायला मनाई आहे, आणि तुमचा कुणीतरी माणूस सॅलड अर्धवट सोडून गेलाय.

साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "सॅलड कुणाचं?" दळवीनं प्रामाणिकपणे हात वर केला.

*

साहेब वाईट माणूस नाहीत, हे मी कुणापुढेही सांगेन. पण मरियम मॅडमनी कराराचं नूतनीकरण पुढच्या भेटीवर ठेवलं होतं, आणि विल्माचं प्रोबेशन त्याच सुमारास संपत होतं. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की त्या दिवशी पुन्हा असं झालं तर मला वर काही समजावता येणार नाही. सांगताना ते तिच्याकडे न बघता टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते, असं तिनंच नंतर सांगितलं. "मला त्यांचीच दया आली, दादा," म्हणाली.

दुपारी तिच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. रियानं लाल बूट दाखवले आणि म्हणाली, हे विमानात घालणारे, आजोबांनी शाळेत घालायला काळे घेतलेत. विल्मानं दोन्ही बुटांचं कौतुक केलं. फोन ठेवून तिनं पुन्हा चहाडखोर चालू केला. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून सॉफ्टवेअर दुरुस्त होत नाही.

*

मग एक दिवस चमत्कार झाला. विल्मा आली, चहाडखोर चालू केला आणि तो दिवसभर चालला. शाजीनं दर तासाला येऊन बघितलं. दळवीनं लिंबाचं श्रेय घेतलं. दुसऱ्या दिवशी ती आली आणि पुन्हा धाडकन चक्कर.

शाजी उखडला. "आज इसका फैसला करेगा," म्हणाला आणि त्यानं रीतसर चौकशी मांडली. विल्मा दाराबाहेर. चहाडखोर चालू. "अब अंदर आओ." ती आत आली, चक्कर. "बाहर जाओ." ठीक. "आओ." चक्कर. समोरच्या ट्रॅव्हल एजन्सीतली माणसं काचेतून बघायला लागली, कारण एक बाई ऑफिसात आत-बाहेर करतेय आणि दर खेपेला आतले चारजण कपाळाला हात लावतायत.

मी म्हटलं, पुरे करा रे, माणूस आहे ती. पण विल्माच थांबायला तयार नव्हती. काल काय वेगळं होतं, असं ती स्वतःशीच म्हणत होती. मग तिनं खांद्यावरची पर्स काढून बाहेरच्या खुर्चीवर ठेवली आणि नुसती आत आली.

चहाडखोर चालत राहिला.

तिनं आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, पर्स आत टेबलावर ठेवली, दार लावलं आणि आम्ही काचेतून बघितलं. पडला! म्हणजे विल्मा सुटली आणि पर्स सापडली. मग एकेक वस्तू निघाली. घराची किल्ली निर्दोष. कंगवा निर्दोष. रोझरीच्या जपमाळेला दळवीनं हात जोडले, तीही निर्दोष. डबा निर्दोष. शेवटी राहिला फोन. चमत्काराच्या दिवशी तो घरी चार्जरलाच राहिला होता.

आता फोन तर आमच्या सगळ्यांकडे आहेत. तिच्याच फोनात असं काय होतं? विल्मानं चहाडखोराची नोंद उघडली आणि पडायच्या अगदी आधी तो काय वाचत होता ते शोधलं. शेवटची ओळ मराठीत होती, आणि अर्ध्यात तुटलेली.

"जेवलीस का गं पो"

शाजी म्हणाला, "ये कौनसा वायरस है?"

विल्मा हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग तिनं ते पुसलेही नाहीत.

*

झालं होतं ते असं. इकडे यायच्या आधी तिच्या वडिलांनी तिला नवा फोन घेतला. फोन चालू करताना तो विचारतो, माझं नाव काय ठेवायचं? मास्तरांनी दुकानदाराला विचारलं की हे नाव लागतं कशाला. दुकानदार म्हणाला, काका, इथे लिहाल ते हा फोन जगात जिथे जोडला जाईल तिथे दिसेल.

मास्तरांनी यावर नीट विचार केला. जगात जिथे जोडला जाईल तिथे दिसणार असेल तर विल्मा लिहून काय उपयोग, विल्माला स्वतःचं नाव माहीत आहे! त्यांनी लिहिलं, "जेवलीस का गं पोरी वेळेवर?" मराठी शाळेचे मास्तर, त्यामुळे देवनागरीत, अनुस्वारासकट आणि प्रश्नचिन्हासकट. विल्मानं ते कधी बदललं नाही.

आता कुठलाही फोन वाय-फायला लागला की आपलं नाव सगळ्या नेटवर्कला सांगत सुटतो. आमचं वाय-फाय दाराबाहेर पोचत नाही, त्यामुळे ती आत आली की फोन दर खेपेला नव्यानं लागायचा. चहाडखोर ते टिपून घ्यायचा. टिपायच्या आधी तो अक्षरं मोजून जागा धरून ठेवायचा. पण गोम अशी की कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षराला जेवढी जागा लागते, त्याच्या तिप्पट मराठी अक्षराला लागते. लग्नाच्या पंगतीत पानं मोजून मांडावीत आणि प्रत्येक पाहुण्यानं आणखी दोघांना घेऊन यावं, तसं ते झालं. पंगत शेजारच्या मांडवात घुसली आणि सगळंच कोसळलं.

हातेम साहेबांनी विचारलं, मग अरबीचं काय? हॉस्पिटलात अरबी नावाचे ढीगभर फोन आहेत. शाजीनं हिशेब मांडून सांगितलं की अरबीला दुप्पट लागते, आणि तेवढी मोकळी जागा सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी धरली होती. साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "म्हणजे अरबी पाहुणे शिस्तीत आले."

हसलो आम्ही, पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. उद्या एखाद्या चोरानं मुद्दाम असंच लांब नाव ठेवलेला फोन खिशात घालून हॉस्पिटलात नुसती चक्कर मारली तर पहारेकरी आडवा, आणि मागे चोराला रान मोकळं! हे भगदाड होतं, आणि ते आमच्या ऑफिसात नव्हतं, ते सॉफ्टवेअर जिथे जिथे होतं तिथे होतं. विल्मानं बनवणाऱ्या कंपनीला सगळं सविस्तर कळवलं. त्यांनी मान्य केलं, दुरुस्ती करतो म्हणाले.

*

पण दुरुस्ती यायच्या आधी अल ऐनची भेट आली.

गाडीत साहेब म्हणाले की फोन बंद ठेव, काम सुरळीत होईल, करार होईल, तू कन्फर्म होशील, खलास. मीही मनातून तेच म्हणत होतो. वाटेत दोन्ही बाजूंना वाळू, आणि विल्मा मांडीवर फोन धरून बसलेली. ती म्हणाली, "सर, मॅडमनी विचारलं होतं, पडल्या वेळात नजर कोण ठेवतं. त्यांना उत्तर द्यायला नको?"

साहेबांनी एसी वाढवला. मी पुढच्या सीटवर बसून रियाच्या लाल बुटांचा विचार करत होतो.

मरियम मॅडमच्या केबिनमध्ये चहाडखोर चालू झाला. छान चालला. साहेब मागे टेकले. तेवढ्यात विल्मा म्हणाली, मॅडम, आता मी हा पाडून दाखवते. तिनं फोन चालू केला, हॉस्पिटलच्या वाय-फायला लावला, आणि चहाडखोर आडवा झाला. मग तिनं का पडला ते सांगितलं, दुरुस्ती येईपर्यंत काय काळजी घ्यायची ते सांगितलं, आणि तेवढ्यापुरता लावायचा एक चाप शाजीनं केला होता, तो लावून दाखवला.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. साहेब त्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते. मॅडमनी विचारलं, त्या ओळीचा अर्थ काय? विल्मानं इंग्रजीत सांगितला.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "मग? जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. आम्ही कुणीच नव्हतो. मॅडम आम्हाला स्वतः खाली कँटीनमध्ये घेऊन गेल्या. कराराचं त्या तिथेच बोलल्या. साहेबांनी भाताचा दुसरा घास घेता घेता विल्माला सांगितलं की कन्फर्मेशनचं आजच बघतो, इन्शाल्ला. ती म्हणाली, इन्शाल्ला नको सर, आजच.

*

रियाला सोडायला मास्तर स्वतः आले. त्या शुक्रवारी मी सगळ्यांना अल मजाजला आमच्या घरी जेवायला बोलावलं. हातेम साहेबसुद्धा आले, खजुरांचा डबा घेऊन. रिया लाल बुटांतच आली आणि बूट काढायला तयार नव्हती. मास्तरांनी माझ्या मुलाला कितवीत आहेस विचारलं, तो म्हणाला, "ग्रेड फाइव्ह, अंकल." मास्तर म्हणाले, "म्हणजे पाचवीत. म्हण, पाचवीत." त्यानं म्हटलं. आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो, कारण हे आम्हाला कधी जमलं नव्हतं.

विल्मानं त्यांना तोवर काहीच सांगितलं नव्हतं. पानं वाढून होईपर्यंत शाजीला धीर निघेना. त्यानं हिंदीत, मी मराठीत आणि साहेबांनी इंग्रजीत असा सगळा किस्सा त्यांना ऐकवला. चहाडखोर कोण, तो करतो काय, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलवर पहारा कसा देतो. सॉफ्टवेअरची दुरुस्ती आता आलीय. आणि त्या कंपनीनं विल्माला कळवलंय की यापुढे आमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला बाहेर पडण्याआधी पहिल्यांदा तुमच्या वडिलांची ती ओळ वाचायला लावू, आणि ती न अडखळता वाचली तरच बाहेर सोडू.

मास्तर वर्गात उत्तर ऐकावं तसं ऐकत होते. मग विल्माकडे वळून म्हणाले, "म्हणजे नेमकं व्हायचं काय त्याला?"

"काय होणार, पप्पा? तुम्ही लिहिलेलं वाचायला घ्यायचा आणि मधेच चक्कर येऊन पडायचा."

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मग उपाशी असेल बिचारा," ते म्हणाले. "मी विचारलं ते बरोबरच होतं."